ऑफिसचं टेन्शन, तीन मिनिटांचा श्वास आणि चौकटीची वही: मुंबईत नोकरी करताना सुरुवात कशी करायची

मी अकाउंट्समध्ये आहे, चौदा वर्षं झाली. राहायला डोंबिवली, ऑफिस लोअर परळ. आमच्या लाइनमध्ये महिना तारखांवर चालतो, ७ ला टीडीएस, म्हणजे पगारातून-बिलातून आधीच कापलेला कर, भरायचा, ११ ला जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, २० ला थ्री-बी, म्हणजे जीएसटी भरायचं रिटर्न, आणि सप्टेंबर लागला की ऑडिट. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करी रोड स्टेशनबाहेर मी नेहमीसारखा चहा घेतला, पैसे द्यायला फोन काढला आणि यूपीआयचा पिनच आठवेना. दिवसातून दहा वेळा टाकते तो पिन. हात थरथरायला लागले, छातीत धडधड, मागे माणसं खोळंबलेली. चहावाले काका म्हणाले, "उद्या द्या ताई, जा तुम्ही आधी." मी ऑफिसला न जाता घरी परत आले आणि दुपारपर्यंत नुसती बसून राहिले.

फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं, बाकी ठीक. म्हणाले, टेन्शन कमी करा. आता हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं, पण ते कमी करायचं म्हणजे सोमवारी सकाळी नक्की काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मी मग अॅप डाउनलोड केलं, पहाटे पाचला उठून वीस मिनिटं ध्यानाला बसायचं ठरवलं, चार दिवसांत बंद पडलं. वर्षभर असंच धडपडत जे हाताला लागलं ते खाली लिहिते आहे, म्हणजे तुमचं तरी ते वर्ष वाचेल.

१. आधी डॉक्टर

छातीत दुखणं, धाप लागणं, चक्कर, झोप पूर्ण उडणं, यातलं काहीही असेल तर त्याला टेन्शन म्हणून सोडून देऊ नका. बीपी, शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन एवढं तपासून घ्या. थायरॉइड बिघडलं तरी धडधड होते आणि हिमोग्लोबिन कमी असलं तरी थकवा येतो, मग आपण श्वास मोजत बसतो आणि खरा इलाज राहून जातो. माझ्या थकव्यात लोहाच्या गोळ्यांनीच बराच फरक पडला, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं.

२. काय काय लागेल

- शाळेतल्या गणिताची चौकटीची वही, दोनशे पानी. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते
- दोन जेल पेनं, एक काळं आणि एक आवडीच्या रंगाचं
- पर्समध्ये मावेल अशी छोटी डायरी, नोंदींसाठी
- फोनमधलं साधं टायमर, व्हायब्रेशनवर लावलेलं
- रिपोर्ट आणि औषधांची फाइल, आणि कंपनीच्या मेडिक्लेमची पॉलिसी. ही कशाला ते पुढे येईल

महागडे ब्रशपेन, कलरिंग बुक, जपानी कागद काही आणू नका. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला गेलात तर हे सगळं ढिगाने आणि स्वस्त दिसेल, मोह होईल, तरी पहिला महिना नकोच. महाग वही आणली की तिच्यात खराब रेघ मारायला जीव धजत नाही, आणि आपल्याला तर खराब रेघा भरपूर मारायच्या आहेत.

३. पहिला आठवडा फक्त नोंद ठेवा

लगेच श्वासाकडे वळू नका. सात दिवस छोट्या डायरीत तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजता ताण आला, तेव्हा काय चाललं होतं, आणि शरीरात कुठे जाणवलं. माझी एक नोंद अशी होती: "मंगळवार, ४.४०, साहेबांचे दोन मिस्ड कॉल, जबडा आणि मान." बस, एवढंच. का झालं, कुणाची चूक, ते लिहायचं नाही.

मला वाटायचं माझं टेन्शन कामाच्या ढिगाचं आहे. आठवड्याने पानं उलटली तर निम्म्याहून जास्त नोंदी दुपारी चार ते साडेसहामधल्या निघाल्या, आणि त्यातल्या बहुतेक "झालं का?" या मेसेजच्या होत्या. काम करताना मी बरी असायची, कामाच्या मधे कुणी टोकलं की जबडा आवळला जायचा. हे कळलं नसतं तर मी भलत्याच वेळी भलताच उपाय करत राहिले असते. ही डायरी जपून ठेवा, आठव्या पायरीला तिचं खरं काम आहे.

४. तीन मिनिटांचा श्वास

माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे होतंय त्याकडे, चांगलं-वाईट न ठरवता, लक्ष देणं. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये दुखण्यांनी त्रासलेल्या पेशंटसाठी याचा आठ आठवड्यांचा कोर्स सुरू केला, तिथून ते ऑफिसांत पोचलं. मूळ मात्र आपल्याकडचंच, बौद्ध परंपरेतलं आनापान, म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास बघणं.

करायचं असं:

खुर्चीत मागे टेकून बसा, दोन्ही तळवे जमिनीला. चप्पल काढलीत तर उत्तम. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात, तीन मिनिटांत अठरा. श्वास सोडताना हृदयाची गती आपोआप थोडी मंदावते, म्हणून बाहेरचा श्वास लांब ठेवायचा. पहिले दहा मोजून झाले की मोजणं सोडा आणि नाकपुडीशी हवा कशी लागते एवढंच बघा, आत जाताना गार, बाहेर येताना कोमट.

मन पळणार. माझं तर तिसऱ्याच श्वासाला व्हेंडरच्या बिलावर जायचं. पळालं हे लक्षात आलं की परत नाकाशी आणायचं, दहा वेळा पळालं तर दहा वेळा आणायचं, हाच व्यायाम आहे. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर "आपल्याला जमत नाही" म्हणून मी चार दिवसांत सोडलं नसतं.

डोळे मिटून घाबरल्यासारखं होत असेल तर उघडे ठेवा आणि समोरच्या एका वस्तूवर टेकवा. काही जणांना, खासकरून मागे काही मोठा आघात झाला असेल तर, श्वासाकडे बघितल्यानेच अस्वस्थता वाढते. तसं होत असेल तर रेटू नका, सरळ सहाव्या पायरीवर जा.

५. वेळ कुठून काढायचा

मुंबईत कुणालाच निवांत वीस मिनिटं मिळत नाहीत, घरी तर नाहीच नाही. म्हणून नवीन वेळ काढायच्या भानगडीत न पडता रोज जे होतंच त्याला हे चिकटवायचं. माझ्या चार जागा ठरलेल्या आहेत.

लोकलमध्ये घाटकोपर ते कुर्ला. उभी असले तर वरची कडी धरलेला हात, तिचा गारवा, तळव्यांवर गाडीच्या हेलकाव्याने सरकणारं वजन. बसायला मिळालं तर श्वास. बायकांच्या डब्यात भांडण चालू असेल तर तोही एक आवाज म्हणून ऐकायचा, कोण बरोबर ते ठरवायचं नाही, आणि हे वाटतं त्याहून अवघड आहे. "पुढील स्टेशन कुर्ला" ऐकू आलं की संपलं.

दादरला मात्र काहीही करायचं नाही, तिथे फक्त उतरायचं! दारात उभं राहून, ब्रिजच्या जिन्यावर किंवा रस्ता ओलांडताना हे प्रयोग अजिबात नकोत. डोळे मिटायचे ते बसलेले असतानाच, आणि बॅग मांडीवर, चेनवर हात.

दुसरी जागा चहा. पहिले तीन घोट फोन न बघता. तिसरी, सकाळी मेल उघडायच्या आधी, लॉगिन होत असताना सहा श्वास. चौथी, साहेबांचा फोन वाजला की उचलायच्या आधी एक लांब श्वास सोडायचा आणि पायाचे अंगठे जमिनीला दाबायचे. एका रिंगेचा उशीर होतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. चारही एकदम धरू नका, पहिले पंधरा दिवस एकच.

६. हाताचं काम: ठिपक्यांची रांगोळी

मला सगळ्यात जास्त फरक या पायरीने पडला, म्हणून इथे जरा थांबते.

श्वासाने मी शांत व्हायची पण डोकं आकड्यांतच राहायचं. मग एकदा घरात आईची जुनी रांगोळीची वही सापडली, पिवळी पडलेली, पेन्सिलने काढलेले ठिपके. मी ऑफिसला नेलेल्या चौकटीच्या वहीत तसेच ठिपके काढून बघितले आणि अर्धा तास कसा गेला कळलंच नाही. ठिपके चुकू नयेत एवढं लक्ष द्यावंच लागतं, पण जीव टांगणीला लागावा एवढं काही त्यात पणाला नसतं, आणि माझ्या मते गंमत त्यातच आहे.

पहिली रांगोळी ७ ते ४ ची घ्या. मधल्या ओळीत ७ ठिपके, दर दोन चौकटी सोडून एक. वरच्या ओळीत ६, पण एक चौकट सरकवून, म्हणजे वरचा ठिपका खालच्या दोघांच्या बरोबर मधे येतो. मग ५, मग ४. खालच्या बाजूलाही तसंच ६, ५, ४. एकूण ३७ ठिपके झाले पाहिजेत, मोजून बघा, कमी भरले तर कुठेतरी ओळ सरकलीय. आता मधला ठिपका घ्या, त्याच्या भोवती सहा ठिपके आहेत. मधल्यापासून त्या सहांपर्यंत एकेक पाकळी काढा, दोन वाकड्या रेघा टोकाला मिळालेल्या. फूल तयार. त्याच्या बाहेरच्या कड्यात १२ आणि सगळ्यात बाहेर १८ ठिपके उरतात, ते कसे जोडायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. जमलं की पुढे १५ ते ८.

जोडताना पेन उचलायच्या आधी श्वास सोडायचा, एवढंच पथ्य. खोडायचं नाही. रेघ चुकली तर ती धरूनच पुढचा आकार काढायचा, माझ्या वहीतली निम्मी फुलं पाच पाकळ्यांची आहेत आणि छान दिसतात.

ज्यांना रांगोळी बायकी वाटते किंवा कंटाळवाणी वाटते त्यांनी वारली घ्या. आमच्या पँट्रीत काम करणारे काका तलासरीकडचे आहेत, त्यांनी एकदा माझी वही बघितली आणि पेन मागून घेतलं. मी माणूस काढताना डोक्यापासून सुरू करत होते, ते म्हणाले, "मॅडम, आधी कंबर ठरवा, मग माणूस उभा राहतो." म्हणजे एक ठिपका कंबरेचा, त्यावर उलटा त्रिकोण, खाली सुलटा त्रिकोण, टोकं त्या ठिपक्यात मिळालेली. वरचा त्रिकोण कलला की माणूस वाकतो, नाचतो, ओझं उचलतो. मग गोल डोकं आणि काड्यांचे हातपाय. त्यांच्या घरी लग्नात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायका चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहितात. डहाणूकडच्याच जिव्या सोमा म्हशे यांना याच कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली होती. काकांनी मला तारपा, म्हणजे त्यांच्याकडचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल धरलेली माणसं शिकवली, सतरा माणसं झाली की जेवणाची सुट्टी संपते.

"मला चित्रकला येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास छापला, ३९ मोठ्या माणसांना ४५ मिनिटं मार्कर, माती, कागद दिले आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं. साधारण ७५ टक्के लोकांचं कमी झालं, आणि आधी चित्रकलेचा अनुभव होता की नव्हता याने फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, तेवढ्यावर मोठे दावे करू नयेत, पण हात वळत नाही म्हणून मागे राहू नये एवढं तरी त्यातून नक्की मिळतं.

४५ मिनिटं रोज मिळणार नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबा संपल्यावर दहा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, एवढं धरा.

७. लिहून काढणं

जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सगळ्यात त्रासदायक अनुभवाबद्दल लिहायला लावलं. लिहिल्या लिहिल्या त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तेव्हा मीटिंगच्या आधी किंवा झोपताना लिहू नका, शनिवारी दुपारी लिहा, नंतर तासभर मोकळा ठेवून. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, हवं तर फाडून टाका.

आणि हे ऑफिसच्या लॅपटॉपवर कधीही लिहू नका, ऑफिसच्या मेलवर स्वतःला पाठवू नका. ती मशीन कंपनीची असते.

८. साहेबांशी बोलणं

तीन माणसांचं काम एकाच्या डोक्यावर असेल तर कितीही श्वास घेतला तरी ते तीन माणसांचंच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या जागी साठत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. म्हणजे इलाजाचा अर्धा भाग कामाच्या जागीच आहे, आणि ही पायरी गाळून बाकीच्या करणं मला स्वतःवर अन्याय केल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या पायरीची डायरी इथे काढायची. मी महिन्याभराच्या नोंदींवरून एका कागदावर लिहून नेलं: दुपारी चार ते साडेसहा सरासरी किती वेळा टोकलं जातं, त्यात टीडीएसचं रिकन्सिलिएशन, म्हणजे आकडे जुळवणं, किती लांबतं, आणि मला काय हवंय. मागितलं एवढंच की स्टेटस मी रोज साडेतीन आणि सहाला स्वतःहून कळवीन, मधे विचारू नये. भावनेच्या भरात "मला सहन होत नाही" म्हणत गेले असते तर चार धीराचे शब्द मिळाले असते, कागद होता म्हणून चर्चा कामावर झाली. सगळं मान्य झालं नाही, सहाचं झालं, साडेतीनचं महिनाभराने झालं. २० तारखेच्या आठवड्यात मात्र हे बोलणं काढू नका, कुणीच ऐकायच्या मनःस्थितीत नसतं.

९. इथे बहुतेक जण अडकतात

स्ट्रीक. अॅपवर सलग दिवस मोजायला लागलात की तेही एक टार्गेट होतं, एक दिवस चुकला की अपराधी वाटतं. मी अॅप काढून टाकलं.

फोटो. वहीतली रांगोळी स्टेटसला टाकली की पुढची आपण लोकांसाठी काढायला लागतो. निदान तीन महिने वही कुणाला दाखवू नका.

एकदम विपश्यना. इगतपुरीच्या धम्मगिरीला १९७६ पासून शिबिरं होतात, सत्यनारायण गोएंका यांनी सुरू केलेली, दहा दिवस मौन, फोन जमा, फी नाही, दानावर चालतं. फार मोठी गोष्ट आहे, पण ऑफिसने पिळून काढलेल्या अवस्थेत, औषधं चालू असताना, पहिलीच पायरी म्हणून तिकडे पळू नका. फॉर्ममध्ये तब्येतीबद्दल विचारतात, ते खरं भरा आणि डॉक्टरांना विचारून जा. नुसती चव घ्यायची असेल तर गोराईचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा एका सुट्टीत बघून येण्यासारखा आहे. तेही नको वाटलं तर काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत जा, तिकीट नाही, एकाच चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहायचं आणि बाहेर यायचं.

दुसऱ्यांना शिकवायची घाई. आपल्याला पंधरा दिवस बरं वाटलं की शेजारच्या टेबलवर उपदेश सुरू होतो. ते विचारतील तेव्हा वही पुढे करा.

१०. एकट्याने करायचं नाही असं कधी समजायचं

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, कशातच रस नाही, रडू येतं, किंवा जगणंच नको असे विचार येतात, तर वही बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. कुठलंही कागदपत्र लागत नाही. आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा, गरज पडते तेव्हा शोधायचं त्राण नसतं.

मेडिक्लेमची पॉलिसी काढून ठेवा म्हटलं ते यासाठी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं आहे. पण कन्सल्टेशनचा खर्च ओपीडीत, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांत, येतो आणि बऱ्याच पॉलिसींत ओपीडी नसते, तेव्हा आधी वाचा. एचआरला कंपनीने काउन्सेलिंगची सोय ठेवलीय का विचारा, आणि असेल तर आपलं नाव ऑफिसला कळतं का, हे लेखी विचारून घ्या.

११. २० तारखेच्या दिवशी

त्या दिवशी नवीन काहीही करायचं नाही, पूर्ण बैठक तर नाहीच. मी आदल्या रात्रीच वहीत ३७ ठिपके काढून ठेवते आणि वही कीबोर्डच्या शेजारी उघडी ठेवते. ओटीपीची वाट बघताना, फाइल अपलोड होताना, कुणी "एक मिनिट होल्ड करा" म्हटलं की एक पाकळी. डबा जागेवरून उठून पँट्रीतच खायचा, काका असले तर बरं. मागच्या २० तारखेला रिटर्न गेलं तेव्हा साडेसात झाले होते आणि बाहेरच्या कड्यातले चार ठिपके जोडायचे राहिले होते, ते मी परतीच्या गाडीत मुलुंडला सीट मिळाल्यावर जोडले.